शून्य नंबरची बाटली

लिहिण्याआधी माफी मागून घेतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि आमचा सौसरचा भाग हिंदी राज्यात, म्हणून माझं सगळं शिकणं हिंदीत झालं. मराठी मी घरात बोललो, विहारात ऐकली, बाजारात भाव करताना वापरली. कागदावर फार थोडी उतरवली. आमच्या विहारातली तरुण मंडळी हातानं लिहिलेला एक अंक काढतात. ते म्हणाले, तू विज्ञान शिकलास, काहीतरी दे. विज्ञान सांगण्याइतका मी मोठा नाही. माझ्याजवळ फक्त एक उन्हाळा आहे, आणि त्या उन्हाळ्यातली भीती आहे. सांगताना कुठे चुकलो तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काल सौसरच्या बाजारातून येत होतो. किराणा दुकानाच्या फळीवर पोतं उघडून ठेवलेलं होतं, त्यात नवा डिंक. धावड्याचा. मधासारखा, मधेमधे लालसर, उन्हात चमकणारा. दुकानदार म्हणाला, "घे ना बे, फुकट चाखून पाह्य." मी नको म्हणालो आणि पाय उचलले. डिंक आला म्हणजे संत्र्याचा मृग बहार संपला, परीक्षा जवळ आल्या, आणि दुपारच्या वाऱ्याला भट्टीचा वास येऊ लागला. आमच्या भागात ही तिन्ही एकदमच येतात. दुसऱ्यांना डिंक पाहून लाडू आठवतात. मला एक अंधारी खोली आठवते, खिडक्यांना टांगलेल्या घोंगड्या आठवतात आणि एका बाटलीत पेटलेला उजेड आठवतो.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. रसायन हा विषय. आठवडाभर तिथे खोलीवर राहायचो आणि शनिवारी बसनं सौसरला घरी यायचो. बसमध्ये संत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, लग्नाची मंडळी, आणि मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक घेतलेला मी. त्या पुस्तकाची मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सरांनी मला जो प्रकल्प दिला होता तो अतिसूक्ष्म कणांचा होता. कॅडमियम सल्फाइड म्हणून एक पिवळा पदार्थ असतो. चित्रकाराच्या रंगात असतो तो, गडद, हळदीसारखा. तोच पदार्थ पाण्यात अगदी बारीक कणांच्या रूपात तयार केला तर त्याचा पिवळेपणा उतरत जातो. कण जितका लहान तितका रंग फिका. हळदीचा लिंबू होतो, आणखी लहान केला तर पाण्यात नुसती पिवळी झाक राहते. पदार्थ तोच, त्यात काही मिसळलेलं नाही, काही काढलेलं नाही. फक्त आकार बदलला.

हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला विश्वास बसला नाही. सरांनी फळ्यावर एक मोठं घर काढलं आणि एक लहानशी खोली काढली. म्हणाले, "कणाच्या आत इलेक्ट्रॉन असतो. घर मोठं असेल तर तो निवांत असतो, थोड्या ऊर्जेनंही हलतो. खोली अरुंद केली की तो अस्वस्थ होतो, त्याला हलवायला जास्त ऊर्जेचा उजेड लागतो. म्हणून लहान कण फक्त जांभळ्या बाजूचा उजेड गिळतो आणि बाकीचा सोडून देतो. आपल्याला तो फिका दिसतो." मी मान हलवली. अरुंद खोलीतली अस्वस्थता मला समजत होती. बाकीचं मी रात्री पाठ केलं.

कण लहान ठेवायचे म्हणजे त्यांना एकमेकांना चिकटू द्यायचं नाही. त्यासाठी डिंकाचं पाणी लागतं. डिंक कणाभोवती वेढून बसतो आणि त्याला वाढू देत नाही. प्रयोगशाळेतला डिंक मार्चमध्येच संपला. नवा मागवला तर येईपर्यंत परीक्षा उलटून जाणार. माझा सोबती गजानन, संत्र्याच्या बागवाल्यांचा मुलगा, सगळे त्याला गज्या म्हणत, तो हसत म्हणाला, "अबे, तुह्या घरी तर डिंकाची खाण हाये. तुही माय जंगलात जाते ना?"

जात होती. माझी माय उन्हाळ्यात बायांसोबत रामाकोना गावाच्या पलीकडे जंगलात जायची आणि धावड्याचा डिंक ओटीत भरून आणायची. सरांना विचारलं. सर म्हणाले, "धावड्याचा? बघू या. गाळून, स्वच्छ करून आण." माझ्या घरची एखादी वस्तू कॉलेजच्या काचेच्या भांड्यात जाणार, याचा मला किती आनंद झाला होता! मायला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय शिकतेत? डिंक तं चिकटतेच." पण तिनं सगळ्यात चांगले, स्वच्छ खडे वेगळे काढून दिले.

आता बाबांबद्दल सांगतो. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. सौसरच्या मातीखाली हा काळा दगड सगळीकडे पसरलेला आहे; कुठे मोठी खाण, कुठे एखाद्या ठेकेदाराचा खड्डा. बाबा अशाच एका खाणीत लहान असल्यापासून. आधी दगड वाहिले, नंतर ड्रिलवर गेले. घरी यायचे तेव्हा पापण्यासुद्धा काळ्या असायच्या. न्हाणीतून काळं पाणी वाहत दारापर्यंत यायचं आणि त्यात आम्ही लहानपणी कागदाच्या होड्या सोडायचो. ते पाणी घाण आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. घरात काळी धूळ असणं म्हणजे बाबा कामावर आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे.

मी काय करतो ते एकदा बाबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. बारीक कण, आणखी बारीक कण. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे आमी मोठे दगड फोडतो, अन् तू बारके फोडतो. धंदा तं एकच झाला." माय हसली, मी हसलो. बाबा हसले की नाही ते कळलं नाही. त्या दिवसांत बाबांचं हसणं चेहऱ्यावर येत नव्हतं. आम्ही म्हणायचो, थकले.

त्या वर्षी ते सायकल चालवेनासे झाले. चालताना टाच टेकत नसे, पंजावर उचलून उचलून चालायचे. मागे पाय घेतला की तोल जायचा. आवाज बारीक झाला होता. जेवताना वाटीतली भाजी ताटात सांडायची. आमच्या वस्तीतला जनाकाका दारातून जाताना ओरडायचा, "काय हो दादा, सकाळी सकाळीच?" बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. ते म्हणायचे, "हाव ना, तुह्याच घरून पिऊन आलो." चेष्टेला चेष्टा. पण एकदा विहारात वंदनेला उभे असताना ते मागच्या मागे पडले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी नाकाला पदर लावला. मी ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं असेल.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून लाल औषध दिलं. मायनं आपला उपाय केला: डिंकाचे लाडू. रोज सकाळी एक लाडू, कामावर जायच्या आधी, तिच्या समोर खायचा. "डिंकानं हाडं भरतेत," ती म्हणायची.

सरांचा एक नियम होता. कोणतीही नवी बाटली उघडण्याआधी तिच्यातल्या पदार्थाचा धोका मोठ्यानं वाचायचा. कपाटात जाड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात प्रत्येक रसायनाचे गुणदोष लिहिलेले. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, मगच झाकण काढायचं. कॅडमियमच्या वेळी गज्यानं वाचलं आणि मी अर्थ सांगितला. मग आम्ही प्रकल्पाच्या दुसऱ्या भागाकडे वळलो. त्यात झिंक सल्फाइडच्या बारीक कणांमध्ये थोडंसं मँगनीज घालायचं होतं. थोडंसं म्हणजे फारच थोडं, जस्ताच्या गर्दीत एखाददुसरा मँगनीजचा अणू बसेल एवढं. शुद्ध झिंक सल्फाइडवर जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकला तर ते कसंबसं निळसर दिसतं. मँगनीज असलं की तोच कण नारिंगी पेटतो. उजेड सगळा कण मिळून गिळतो आणि बाहेर टाकतो तो एकटा पाहुणा.

मँगनीजच्या बाटलीची पाळी आली तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे होतं. माझं इंग्रजी वाचणं अडखळत. मी एकेक शब्द चाचपत वाचत होतो आणि गज्या मागोमाग मराठी करत होता.

"वर्षानुवर्षं धूळ नाकात गेली तं मेंदूवर परिणाम होते," गज्या म्हणाला. "वाच पुढे."

मी वाचलं.

"चेहरा लाकडावानी होते. आवाज बारीक. हात हलतेत. मागे जाता येत नाही, पडते माणूस." गज्या खुर्चीवरून उठला. "अन् हे पाह्य बे, कोंबड्यावानी चालते म्हणे!" आणि टाचा उचलून, मान पुढे काढून तो टेबलाभोवती चालून दाखवू लागला. बाकीची मुलं हसली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं माझ्या बाबांना कधी पाहिलंच नव्हतं.

मी पुस्तकात बोट ठेवून उभा राहिलो. पुढच्या ओळीत खाणीत ड्रिलवर काम करणाऱ्यांचा उल्लेख होता. ती ओळ मी वाचली नाही. "झालं," म्हणालो आणि पुस्तक मिटलं. मग बाटलीचं झाकण काढलं.

अजूनही रस्त्यानं कुणी माणूस समोरून आला की माझी नजर आधी त्याच्या टाचेवर जाते. टाच जमिनीला टेकली की मग मी चेहऱ्याकडे बघतो.

त्या शनिवारी घरी आलो ते एकच गोष्ट मनाशी घोकत. पुस्तकात लिहिलंय ते दूरच्या देशातल्या लोकांचं आहे. बाबा नुसते थकलेत. आमच्याकडे कोण थकत नाही? वस्तीत चार जणांचे हात हलतात. (ते चौघंही खाणीतले होते, हा विचार मनात यायच्या आतच मी दुसरा विचार काढला.) मला पुरावा नको होता. शिकलेल्या माणसानं पुरावा मागावा असं सर सांगत. मला तो कुणी दाखवू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मग तो दिवस आला, शनिवारचा. भर दुपारी आम्ही खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, दार लावलं. लाकडी खोक्यात अल्ट्राव्हायोलेट दिवा होता. समोर बाटल्यांची रांग. पहिली शून्य नंबरची, तिच्यात मँगनीज अजिबात नाही, तिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या. मग थोडं मँगनीज, मग जास्त. सगळ्या माझ्या हातच्या, सगळ्या मायच्या डिंकात केलेल्या. दिव्याशिवाय पाहिलं तर सगळ्या सारख्याच, तांदळाच्या धुवणासारख्या.

सरांनी दिवा लावला.

शून्य नंबरची बाटली नारिंगी पेटली.

मंद होती, पण नारिंगीच. मावळतीला आगटीत राखेखाली निखारा असतो तशी. अंधारात सरांचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरं झालं. त्यांनी विचारलं, "ही कोणती?"

"शून्य नंबर, सर."

"यात काय टाकलंस?"

"काही नाही, सर."

"चमचा तोच वापरलास का?"

"नाही, सर."

त्यांनी दिवा बंद केला, पुन्हा लावला. उजेड तसाच. मग घोंगडी बाजूला केली. ऊन डोळ्यात घुसलं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "हे बघ मिलिंद, एकतर तुझी भांडी घाण होती, नाहीतर परीक्षकाला सगळ्याच बाटल्या पेटलेल्या दिसाव्यात म्हणून तू शून्य नंबरमध्येही मँगनीज टाकलंस. दोन्हीत प्रकल्प जातो. प्रकल्प गेला की वर्ष गेलं. तिसरं काही असेल तर ते शोधावं लागेल."

गज्यानं माझी बाजू घेतली. "सर, हा पोट्टा भांडी इतकी धुते, त्याच्या हाताची साल निघाली."

"मग झिंकचं मीठ अशुद्ध असेल. किंवा पाणी. किंवा डिंक," सर म्हणाले. "तिन्ही नमुने नागपूरला पाठवू. माझे एक मित्र तपासून देतील. निकाल येईपर्यंत तू काही लिहू नकोस."

डिंक. सरांनी तो शब्द सगळ्यात शेवटी, सहज म्हटला.

माय डिंक कशात वाळवते ते मला माहीत होतं. बाबा खाणीतून मोडकी घमेली घरी आणायचे. कडा फाटलेली, तळ वाकलेली, तिथे टाकून दिलेली. ती आमच्याकडे सगळ्या कामाला यायची. ओला डिंक चिकट असतो. परातीत वाळवला तर परात खराब होते, म्हणून घमेल्यात. आमच्या वस्तीत सगळ्या बायका तसंच करतात. डिंकाला घमेल्यातलं जे चिकटेल ते चिकटतं, आणि आमच्या डोळ्यांना ते दिसत नाही, कारण ते सगळीकडेच आहे. अंगणात, उशीत, भाकरीच्या पिठात. सरांनी "स्वच्छ करून आण" म्हटलं तेव्हा मी खडे निवडले, काड्या काढल्या, फडक्यातून गाळला. काळी धूळ काढायची असते हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे तिला घाण म्हणतच नाहीत.

बसमध्ये मी हिशेब मांडत होतो, आणि मला वाटतं तेव्हाच मला खरी भीती समजली. दोषी झिंकचं मीठ निघालं तर मी सुटलो. दोषी माझा हात निघाला तर वर्ष गेलं. दोषी डिंक निघाला तरीही मी सुटलो. पण मग आमच्या घरातली धूळ विरघळते, आत शिरते, ठाण मांडून बसते, हे सिद्ध होणार. एवढीशी धूळ बाटलीभर कणांचा उजेड बदलत असेल, तर ज्या माणसानं आयुष्यभर ती छातीत ओढली, आणि वरून रोज सकाळी लाडवातून खाल्ली, त्याच्या आत काय चाललं असेल? लाडवातल्या धुळीनं काही होत नसेलही. पुस्तकात नाकानं जाणाऱ्या धुळीचंच लिहिलं होतं. पण भीती पुस्तक वाचून थांबत नाही.

बोरगाव गेलं, सौसरची वळणं आली. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. आणि मी स्वतःलाच म्हणताना ऐकलं: माझाच हात घाण निघू दे.

घरी आलो तर अंगणात माय घमेल्यात नवा डिंक पसरत होती.

"माय, परातीत टाक ना तो."

"परात खराब करू? येडा झाला काय?"

"मंग फडक्यावर टाक."

"फडक्याले चिकटते. इतके वर्ष काय आमी चुलीत वाळवत होतो?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं रे? कायले असा पांढरा पडला?"

"काही नाही. ऊन लागलं."

मी घमेलं उचललं, विहिरीवर नेलं, चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासलं. घासत राहिलो. पाणी काळं येतच होतं. माय मागे उभी राहून म्हणाली, "शिकून शिकून घमेलं घासाले लागला. कॉलेजात हेच शिकवतेत काय?" शेजारच्या बाया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

बाबा संध्याकाळी आले. मी त्यांना म्हटलं, "बाबा, थोडे दिवस घरीच राहा ना. सुट्टी टाका."

"कावून?"

"बरं वाटेल तुम्हाला."

"घरी बसून कोणाले बरं वाटते?" ते खाटेवर टेकले. एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायची त्यांना सवय लागली होती, जसं एखाद्या खोडकर पोराला धरून बसावं. "तुही परीक्षा होऊ दे. तू एकदा मास्तर झाला का मी खाणीकडे पाह्यतसुद्धा नाही."

मी काहीतरी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? एका बाटलीत उजेड दिसला म्हणून? पुस्तकात कोंबड्याची चाल लिहिलीय म्हणून? माझं शिक्षण एवढंच झालं होतं की शंका घेता यावी. खात्रीनं बोलता यावं इतकं झालं नव्हतं. आणि ज्या कामानं मला शिकवलं तेच काम बाबांना खातंय असं बाबांच्या तोंडावर म्हणायचं, त्याला कोणती भाषा लागते ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी मी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेलो, कॉलेजात न जाता सरळ सरांच्या घरी. मनाशी ठरवून गेलो होतो. म्हणणार होतो, सर, शून्य नंबरच्या बाटलीत मीच मँगनीज टाकलं. खोटं बोलणार होतो. डिंक तपासायची गरजच उरणार नाही. वर्ष जाईल, नाव जाईल, पण ती गोष्ट कुठे लिहिली जाणार नाही. आणि लिहिली गेली नाही तर ती नसेलही. भीतीत माणूस असाच विचार करतो. आज ते लिहिताना मला तो मुलगा अनोळखी वाटत नाही.

सर ओट्यावर दाढी करत होते. साबण लागलेल्या तोंडानंच म्हणाले, "काय रे, इतक्या सकाळी?"

"सर, ते नमुने..."

"गेले. शनिवारीच नागपूरच्या गाडीनं पाठवले, ओळखीच्या माणसाच्या हाती. का?"

मी तोंड उघडलं. आरशात सरांचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा तोंड मिटलं.

"घाबरलास?" त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "हे बघ, परवा मी कडक बोललो. पण तुझ्या हातची कामं मी पाहिलीत. मला मनातून वाटतं, तिसरंच काही निघेल. निघावं अशी इच्छा कर."

आतून त्यांच्या बायकोनं चहा आणून दिला. बशी माझ्या हातात खडखड वाजू लागली तेव्हा मी पहिल्यांदा दचकून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. नुसती भीती होती ती, मला माहीत आहे. पण कप खाली ठेवून मी तो हात दुसऱ्या हातात धरला.

लेखी परीक्षा झाल्या. कशा झाल्या आठवत नाही. पेपरात अरुंद खोलीतल्या इलेक्ट्रॉनवर प्रश्न आला होता, तेवढा मी पानभर लिहिला. मग सुट्टी लागली आणि मी नागपूरच्या निकालाची वाट बघत सौसरला आलो; घरी एवढंच सांगितलं की प्रकल्पात चूक निघाली आहे, ती माझी नाही ठरली तर सुटेन. छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी दुपारी लांबून ऐकू यायची. दर शिट्टीला वाटायचं, बातमी आली. बस थांबल्याचा आवाज आला की मी दारात. माय म्हणायची, "नवरीची वाट पाहून राहिला काय?"

त्या दिवसांत मी बाबांकडे चोरून बघायचो. ते शर्टाची गुंडी लावत असायचे, आणि गुंडी भोकाजवळ जायची, सरकायची, पुन्हा जायची. मी उठून लावून द्यायला गेलो की म्हणायचे, "राहू दे. होते." आणि खरंच थोड्या वेळानं ती लागायची. मी मनात म्हणायचो, बघ, लागली ना. ज्याला आजार असतो त्याची लागली नसती. असे मी रोज नवे पुरावे तयार करायचो, एक खाली पडला की दुसरा. सरांच्या बाटल्यांपुढे मी एवढा मन लावून कधी बसलो नव्हतो.

दिव्याखाली जे दिसतं ते नेहमी तिथे असतंच. आपण फक्त दिवा लावलेला नसतो. हे वाक्य मला त्या सुट्टीत सुचलं आणि मी त्याला फार घाबरलो. प्रयोगशाळेत हीच गोष्ट सुंदर वाटली होती. एखादा पदार्थ बारीक करत न्यावा, त्यात नखभर दुसरं काही मिसळावं, आणि अंधारात त्यानं आपलं आतलं सगळं सांगून टाकावं. घराच्या अंगणात बसलं की सुंदर वाटत नाही. तिथे वाटतं, काही गोष्टी मोठ्याच राहू द्याव्यात, काळ्याच राहू द्याव्यात.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी गज्या आला. बसमधून उतरून धावतच आला असणार; शर्ट पाठीला चिकटलेला, हातात घरच्या बागेतली उरलीसुरली संत्री. बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते, आदल्या दिवशी खाणीत पडले होते, आणि दारातल्या लिंबाखाली खाटेवर बसले होते. गज्यानं त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"जयभीम, काका," तो म्हणाला, आणि वाकला. बाबा त्याला आशीर्वाद द्यायला उठले. एक पाऊल मागे गेलं, तोल गेला, मी धरलं. मग ते पाणी आणायला सांगावं म्हणून दाराकडे चालू लागले, टाचा उचलून. गज्या बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. टेबलाभोवतीची स्वतःची चाल त्याला आठवली असावी. त्यानं माझी नजर टाळली.

"सरांनी धाडलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. येताना ही बातमी त्यानं नक्की ओरडून सांगायची ठरवली असणार. आता ती त्याच्या तोंडातून हळूहळू निघाली. "नागपूरहून आलं. झिंकचं मीठ साफ हाये. पाणी साफ हाये. तुह्यी भांडी, हात, काईच दोष नाही. सर म्हणाले, मिलिंदला सांग, प्रकल्प मंजूर."

"मंग?" मी विचारलं.

"डिंकात निघालं. डिंक आंबट असते ना, त्यानं धूळ विरघळली म्हणे. चांगलंच निघालं, मिल्या. सर म्हणाले, इतकं निघंल असं वाटलं नव्हतं."

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "कोणच्या डिंकात?"

गज्या हातातली संत्री खाटेवर ठेवू लागला.

"आपल्या, बाबा," मी म्हणालो. "घरच्या."

"म्हंजे तू सुटला?"

"हाव."

बाबांचा चेहरा हलला नाही, पण त्यांना आनंद झाला हे मला कळलं. त्यांनी चौकटीतून आत वळून मायला हाक मारली, "अवं, पोरगं सुटलं. डिंकातच होतं म्हणते." माय चुलीशी होती. बाबांचा आवाज तिथपर्यंत पोचला नाही. ते पुन्हा म्हणाले, तेवढ्याच बारीक आवाजात, आणि मग माझ्याकडे बघू लागले. तेव्हा ती बातमी मला मोठ्यानं सांगावी लागली.